आधी नखं दाखव

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की दुपारी बारा ते चार आमच्या गावात माणूस काय कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, आणि लाइनही नेमकी तेव्हाच जाते. कूलर बंद पडला की सगळं घर मागच्या छपरीत येऊन बसतं, कोणी पेपरानं वारा घेतं, कोणी घाम पुसत लाइनवाल्याच्या नावानं बोटं मोडतं. अशाच एका दुपारी पुतणी खांबाला टेकून नखं घासत बसली होती. अमरावतीला कॉलेजात आहे, सोबत पार्लरचा कोर्सही करून ठेवलाय, त्यामुळे सुट्टीत आली की बॅगेतून पुस्तकं कमी आणि हत्यारंच जास्त निघतात. तो घासायचा खर्र खर्र आवाज ऐकून माझे दात शिवशिवायला लागले, तरी मी हललो नाही, एक तर दुसरीकडे सावली नव्हती आणि दुसरं म्हणजे नखं हा माझा विषय आहे. विषय म्हणजे खोडच म्हणा. माणूस समोर आला की मी आधी त्याची नखं पाहतो, चेहरा मागून. भाच्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो तिथंही तेच, चहाचा ट्रे पुढं आला आणि माझी नजर ट्रेच्या कडेवर. बायको म्हणते लोकांना वाटते हे अंगठी किती ग्रॅमची ते पाहून राहिले.

तर पुतणीनं मला शेप समजावून सांगितले. गोल, चौकोनी, ओव्हल, बदामी, मग तो स्क्वोव्हल, म्हणजे चौकोनीच पण कोपरे मारलेले. कॉफिन म्हणजे दोन्ही बाजूंनी निमुळतं नेऊन टोक सपाट ठेवलेलं, आणि शेवटी स्टिलेटो, जे मोबाइलवर पाहून आई म्हणाली, "हे तं वांगे चिरायच्या कामाचं हाय." कोणाला काय द्यायचं त्याचाही हिशेब असतो, नखाच्या मुळाशी चामडीची जी कमान दिसते तशीच कमान टोकाला दिली की बोट देखणं दिसतं, आणि फार अणकुचीदार केलं की कडा कमजोर होऊन नख लवकर मोडतं. फाइलवर, म्हणजे घासायच्या त्या पट्टीवर, नंबर असतो, आपल्या स्वतःच्या नखाला १८० ते २४० मधली घ्यायची, त्याहून खरखरीत असेल ती नकली नखांसाठी. आणि घासायचं एकाच दिशेनं, बाजूकडून मध्याकडे, मागंपुढं नाही, कारण नख थरावर थर बसून झालेलं असतं आणि मागंपुढं रगडलं की टोकाला ते थर सुटायला लागतात. "काका, तुमचं मस्त बदामी होईल, द्या इकडं हात." म्हटलं नको बाप्पा, उद्या ग्रामपंचायतीत मीटिंग आहे.

तेवढ्यात आईच्या लक्षात आलं.

"काहून कापू राह्यली वं नखं? आज शनवार हाय ना."

"कापून नाही राह्यली आजी, फाइल करून राह्यली."

यावर आईकडे उत्तर नव्हतं. शनिवारी नखं कापू नये हे ठीक, पण घासू नये असं कुठं म्हटलंय? आमच्या घरी नखं काढायची म्हणजे आधी वार पाहायचा. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार गुरूचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार आणि रविवार, त्यात एकादशी, अमावस्या नाही तर कोणाचा उपवास आला की तेही गेले. दिवेलागणीनंतर तर बोलायचंच नाही. आणि सुतक असलं की दहाव्यापर्यंत हात लावायचा नाही. नख दिवसाला साधारण ०.१ मिलिमीटर वाढतं, म्हणजे दहाव्यापर्यंत एक मिलिमीटर. वडील गेले तेव्हा मी हे रोज पाहत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं, येणारे लोकं बोलत होते आणि मी मांडी घालून खाली पाहत होतो आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला ती पांढरी कोर रुंद होत चालली होती.

असो. पुतणीनं माझा अंगठा धरून उजेडात नेला आणि मुळाजवळचा तो पांढरट अर्धचंद्र दाखवला. नख जिथं तयार होतं त्याला मॅट्रिक्स म्हणतात, ते बहुतेक चामडीखाली दडलेलं असतं, त्याचा दिसणारा तुकडा म्हणजे हा चंद्र. तिथं पेशी तयार होतात, चपट्या होतात, मरतात आणि पुढं ढकलल्या जातात. म्हणजे आपण जे कापतो ते मेलेलंच, म्हणून दुखत नाही. दुखतं ते खालचं मांस. नख आणि चामडी जिथं भेटतात तिथं जो पातळ पापुद्रा असतो, क्युटिकल, तो काही पार्लरमध्ये कैचीनं कापून टाकतात म्हणे. पुतणी म्हणते कापायचा नाही, गरम पाण्यात हात ठेवून हळूच मागं सारायचा, कारण पाणी आणि घाण आत जाऊ नये म्हणून तेवढीच एक आड आहे. तशीच एक आड टोकाखाली, जिथं मांस नखाला चिकटलेलं असतं. सेफ्टी पिननं नखातला मळ खोल खोल कोरणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

नख किती सावकाश चालतं ते आपल्याला कळतं मतदानानंतर. आमचा तालुका मोर्शी मतदारसंघात, म्हणजे लोकसभेला वर्ध्यात, २०२४ ला २६ एप्रिलला मतदान झालं. डाव्या तर्जनीवर नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत शाईची रेघ ओढतात. ती म्हैसूरच्या सरकारी कंपनीची शाई, १९६२ च्या निवडणुकीपासून हीच, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. चामडीवरची काही दिवसांत जाते, पण नखावरची कोणाच्या बापाला निघत नाही. कोणी पपईचा चीक लावतं, कोणी रॉकेल. ती नखासोबतच पुढं सरकते, महिन्याला तीनेक मिलिमीटर. मुळाशी कोरं नख यायला लागतं आणि काळा भाग टोकाकडे निघतो. सप्टेंबरात पोळ्याला बैल धुताना माझ्या बोटाच्या टोकाला थोडी काळी किनार उरली होती, आणि नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान आलं तोवर बोट साफ, पुन्हा गुन्हा करायला मोकळं.

अमेरिकेत बीन नावाचे एक डॉक्टर होते, त्यांनी स्वतःच्या अंगठ्याचं नख ३५ वर्षं मोजलं. मुळाशी कानशीनं खूण करायची आणि ती टोकाला कधी पोचते ते लिहून ठेवायचं, बस. वयाच्या ३२ व्या वर्षी दिवसाला ०.१२३ मिलिमीटर, ६७ व्या वर्षी ०.०९५. १९८० मध्ये छापलंही. आमच्या गावात कोणी असं केलं असतं तर घरच्यांनी बडनेऱ्याच्या पुढं कुठं तरी डोकं दाखवायला नेलं असतं. आणि दुसरे आपल्या पुण्याचे श्रीधर चिल्लाळ, १९५२ पासून डाव्या हाताची नखं कापली नाहीत ती थेट २०१८ मध्ये न्यूयॉर्कला कापली, पाचही मिळून ९०९.६ सेंटिमीटर भरली. पुणेकर माणसाचा हट्ट, मी काही बोलत नाही.

मला मात्र यातलं खरं आवडतं ते बगळ्यांचं. वखर चालू असला की मागं बगळे यायचेच, आणि सांज झाली की तेच थवे तलावाकाठच्या बाभळीकडे उडत जायचे. तो थवा डोक्यावरून जायला लागला की आम्ही सगळी पोट्टी दोन्ही हातांची नखं एकमेकांवर जीव खाऊन घासायचो, "बगळ्या बगळ्या फूल दे" म्हणत. थवा नजरेआड होईपर्यंत थांबायचं नाही. मग नखावर पांढरं फूल येतं. ज्याच्या नखावर जास्त फुलं तो मोठा माणूस, त्याला नवे कपडे मिळणार, आणि येतही होती की फुलं! माझ्या मोठ्या भावाच्या नखांवर इतकी असायची की मला रात्री झोप लागत नसे. आता कळतं की तो पांढरा ठिपका म्हणजे मुळाशी मॅट्रिक्सला कधी तरी लागलेला मार, नख पुढं सरकत गेलं की महिना-दीड महिन्यानं वर दिसतो. लोकं कॅल्शियम कमी झालं म्हणतात ते काही खरं नाही. भाऊ गोट्या, विटीदांडू, मारामाऱ्या सगळ्यात पुढं, त्याची बोटं सदा कुठं तरी चेपलेली. मी भित्रा, मला फुलं कुठून येणार. बगळ्यांचा त्यात काही हात नव्हता, हे कळायला इतकी वर्षं लागली आणि कळूनही आजही थवा दिसला की बोटं आपोआप हलतात.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाली की हात पुढं, नखं वर. गुरुजी रांगेतून पट्टी घेऊन यायचे. ते दुसरीच्या रांगेत असले की चौथीच्या रांगेत कटाकट दातांचे आवाज. दातानं जो शेप येतो त्याला पुतणीच्या लिस्टमध्ये नाव नाही.

खरी नखं काढली जायची ती अंगणात. दर पंधरवड्याला न्हावी काका धोकटी घेऊन यायचे, त्यांचं काम वर्षाच्या ज्वारीवर. आजोबांची दाढी झाली की आम्हा पोरांचा नंबर. समोर उकिडवं बसायचं. ते पितळी वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून एकेक नख ओलं करायचे, थोडा वेळ थांबायचे, मग नऱ्हाणी. लोखंडाची वीतभर काडी, टोक चपटं करून धार लावलेलं. माझं बोट त्यांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत असं काही धरलेलं असायचं की हलवायचं म्हटलं तरी हलत नसे, आणि ती नऱ्हाणी नखाच्या एका कोपऱ्यात शिरायची आणि गोल फिरून दुसऱ्या कोपऱ्यातून अख्खी कोर घेऊन बाहेर यायची. एकसंध. हाताची गोल आणि पायाची सरळ, कोपरे न खोदता. पायाचे कोपरे खोदले की नख मांसात शिरतं हे आता डॉक्टर पोस्टर लावून सांगतात, काका नुसते म्हणायचे, "पायाले सरळच लागते." पुतणीला हे सांगितलं तर ती म्हणाली ओलं नख मऊ पडतं म्हणून कापायला सोपं, पण फाइल मात्र कोरड्यावरच करायची. काकांना फाइल लागलीच नाही कधी.

पुतणीचं ऐकत ऐकत शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या. पोरीनं हात मागितला तर त्यांनी पदराखाली नेला. "माह्ये हात काय पायतं पोरी, पऱ्हाटीनं खाल्ले सारे." दसऱ्यापासून कापसाची वेचणी सुरू झाली की बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं फाटतात, नेमकी त्या क्युटिकलपाशीच, मग नखुर्डं होतं, बोट ठणकायला लागतं, आणि मग लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून बसायचं. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बोटावर लिंबू घातलेली एक तरी बाई दिसायचीच. शेवटी पुतणीनं काकूंच्या नखांना लाल पॉलिश लावलंच. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग देऊन वर बेगड चिकटवतात तसंच की हे, शिंगाचं वरचं टरफल आणि माणसाचं नख, माल एकच, केराटिन. काकू हात लांब धरून वाळेपर्यंत पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "बुडा काय म्हनंल?" आणि स्वतःच हसल्या.

डॉक्टर लोकही आधी नखच पाहतात हे मला फार बरं वाटतं, माझी खोड त्यांच्यात बसते. नख दाबून सोडतात आणि लाली दोन सेकंदात परत येते का पाहतात. नख चमच्यासारखं खोलगट झालं असेल तर अंगात लोह कमी असू शकतं. मोठं आजारपण येऊन गेलं की नखांवर आडवी खाच पडते, बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं हे १८४६ मध्येच लिहून ठेवलंय, आणि खाच मुळापासून किती पुढं आली त्यावरून आजार कधीचा तेही सांगता येतं.

माझ्या स्वतःच्या उजव्या अंगठ्याचं नख मी थोडं जास्त ठेवतो, संत्र्यासाठी. संत्रा चाकूनं सोलणाऱ्याशी माझं जमत नाही. देठाजवळ नख रोवायचं आणि साल ओढायची, हातावर तेलाचा फवारा उडतो, नखाखाली पिवळं बसतं आणि ते साबणानं लगेच जात नाही. दुसऱ्या दिवशीही जेवताना वास येतो. मला आवडतो तो.

पण फवारणीचंही असंच आहे. नखाखाली गेलं की लगेच जात नाही. पऱ्हाटी छातीएवढी झाली की ऑगस्ट-सप्टेंबरात पंप पाठीवर घेऊन पोरं शिरतात, औषध बादलीत हातानंच कालवतात, हातमोजे देऊन पाहिले, घामानं हात उलतात म्हणून काढून ठेवतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता वीसहून जास्त माणसं गेली, शेकड्यांनी दवाखान्यात होती. ते श्वासातून गेलं, चामडीतून गेलं, कपड्यातून गेलं, नखाचं कोण मोजतो. आमच्या बागेत फवारणीला येतो तो पोरगा बावीस-तेवीसचा आहे, हात धुतले म्हणतो, ओले दाखवतो, आणि भाकरीला बसतो. मी त्याला आधी नखं दाखवायला लावतो. पुन्हा साबण, पुन्हा ब्रश, मग डबा. त्याला राग येतो, "भाऊ, मी का शाळेतला पोट्टा हाव का?" म्हणतो. येऊ दे राग.