आजी, लेंचो आणि दहावीचा इंग्रजीचा पेपर

दहावीच्या हाफ इयरलीला मला इंग्रजीत ८० पैकी ४१ मिळाले. त्याच आठवड्यात गणितात ७४ होते, त्यामुळे ते ४१ जास्तच बोचले. पेपर परत मिळाला तेव्हा ‘अ लेटर टू गॉड’ या लेंचो नावाच्या शेतकऱ्याच्या धड्यावरच्या उत्तराखाली मॅडमनी लाल पेनाने लिहिलं होतं, ‘हे सगळं खरं आहे. पण मी हे विचारलं होतं का?’

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पाचवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, मग प्रवेश परीक्षा देऊन सहावीला नवोदयमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत. नवोदय म्हणजे सीबीएसई, पण सातवीपर्यंत शिकवणं बरंचसं मराठीतच. आठवीत गणित आणि विज्ञान एकदम इंग्रजीत सुरू होतं. नववीला मायग्रेशन. आमच्यातल्या काही जणांना वर्षभरासाठी हिंदी पट्ट्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात आणि तिकडची मुलं इकडे येतात. मी गेले होते. परत आले तेव्हा हिंदी फर्डी झाली होती, इंग्रजी जिथल्या तिथे.

सीबीएसईत या विषयाचं पूर्ण नाव ‘इंग्लिश लँग्वेज अँड लिटरेचर’, कोड १८४. पेपर तीन तासांचा, ८० मार्कांचा. उरलेले २० शाळेच्या हातात. ८० पैकी २० उताऱ्यांना, १० व्याकरणाला, १० लेखनाला (एक औपचारिक पत्र, एक ॲनालिटिकल पॅराग्राफ) आणि तब्बल ४० साहित्याला. साहित्याची पुस्तकं दोन, ‘फर्स्ट फ्लाइट’ आणि ‘फूटप्रिंट्स विदाउट फीट’. ४० मार्क म्हणजे निम्मा पेपर. म्हणून मी ठरवलं होतं की साहित्य पाठ करायचं, बाकीचं देव बघेल.

पाठ करायला गाइड होतं. नाव सांगत नाही, पण आमच्या डॉर्मिटरीत दर दुसऱ्या पेटीत तेच सापडायचं. प्रत्येक धड्याखाली वीस-पंचवीस उत्तरं. पहाटे पीटीच्या आधी आणि रात्री सुपरवाइज्ड स्टडीत मी ती घोकायचे. ‘लेंचो वॉज अ पुअर फार्मर हू लिव्ह्ड इन अ व्हॅली’ हे तर झोपेतही म्हटलं असतं. आता लेंचोचं घर दरीत आहे खरं, पण एका बुटक्या टेकडीच्या माथ्यावर, आणि अख्ख्या दरीत ते एकच. ते तर धड्याच्या पहिल्याच ओळीत आहे. पण धडा मी एकदाच वाचला होता आणि गाइड तीस वेळा.

प्रश्न मात्र बदललेत. आमच्या वर्षी निम्मे प्रश्न कॉम्पिटन्सी बेस्ड, म्हणजे पाठांतर नाही तर समज तपासणारे, असणार होते. ‘लेंचोने दुसरं पत्र का लिहिलं’ असं सरळ कोणी विचारत नाही. विचारतात असं की पोस्टमास्तरने लेंचोला खरं सांगून टाकलं असतं तर गोष्टीचं काय झालं असतं? नाहीतर दोन धड्यांतली दोन माणसं समोर ठेवतात आणि म्हणतात, यांच्यात तुलना करा. याचं उत्तर गाइडात कुठून असणार? मग मी काय करायचे, तर लेंचो दिसला की लेंचोबद्दल पाठ असलेलं सगळं ओतायचे. म्हणून तो लाल शेरा.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले ती पुस्तकं घेऊनच. पण कापूस वेचणीचे दिवस, घरात कोणी थांबत नाही. मीही ओटी बांधून आजीच्या शेजारची ओळ धरली. दोन-तीन दिवस मी वेचता वेचता तोंडातल्या तोंडात उत्तरं म्हणत होते. चौथ्या दिवशी आजी वैतागली.

“काय पुटपुटायलीस माय? मला बी सांग की.”

म्हटलं, गोष्ट आहे एका शेतकऱ्याची. सांगितली. मक्याचं पीक ऐन भरात, पावसाची वाट बघत होता, पाऊस आला आणि पावसाच्या मागून गारा. तासभर पडल्या, शेत पांढरं झालं, एक पान राहिलं नाही. इथे आजीचे हात थांबले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. मी तेव्हा पाच वर्षांची, मला फक्त पत्र्याचा आवाज आठवतो. आजीला हरभरा आठवतो. ती लेंचोच्या बाजूने एवढी झाली की पुढची गोष्ट मला जपून सांगावी लागली. त्याने देवाला पत्र लिहून शंभर पेसो मागितले. पोस्टमास्तर आधी हसला, मग गंभीर झाला. त्याने आपल्या पगारातले घातले, हाताखालच्यांकडून घेतले, आणि देवाच्या नावाने सत्तर पाठवले. लेंचोने मोजले आणि लगेच दुसरं पत्र लिहिलं, ‘देवा, उरलेले तीस पाठव, पण पोस्टातून नको. तिथले लोक चोर आहेत.’

आजी आधी हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “देवावर एवढा इस्वास अन् मानसावर रतीभर न्हाई. ज्यांनी खिशातले काढून दिले त्यांनाच चोर म्हनायलाय बग.”

मी ओळीत तशीच उभी राहिले. गाइडात ‘आयरनी इन द स्टोरी’ नावाचं दीड पानी उत्तर होतं. ते मला पाठ होतं आणि कळलेलं नव्हतं. आयरनी म्हणजे काय हे आजी एका दमात बोलून गेली होती.

त्या सुट्टीत मग रोज एक धडा आजीला सांगायचा असं ठरलं. ठरवलं कुणी नाही, तीच सकाळी विचारायची, “आज कोन हाय?” मी आदल्या रात्री धडा नीट वाचायचे, कारण ती मध्ये प्रश्न टाकायची आणि माहीत नसलं की फार ओशाळल्यासारखं व्हायचं. ‘द नेकलेस’मध्ये माटिल्डा मैत्रिणीचा हार मागून नेते, हरवते, नवरा-बायको कर्ज काढून ३६,००० फ्रँकचा तसाच हार परत करतात, ते फेडण्यात दहा वर्षं जातात आणि शेवटी कळतं की मूळचा हार खोटा होता. आजीचा प्रश्न: “तिच्या नवऱ्याकडं बापाचे किती होते म्हनलीस?” १८,०००. “म्हंजी निम्मं कर्ज काढलं. सावकार कोन होता?” मी परत पुस्तक उघडलं. सावकारांचा उल्लेख खरंच आहे, मी तो तोवर वाचलाच नव्हता.

‘डस्ट ऑफ स्नो’ ही आठ ओळींची कविता. हेमलॉकच्या झाडावरून कावळा कवीच्या अंगावर बर्फाची भुकटी पाडतो आणि त्याचा उरलेला दिवस सुधारतो. गाइड म्हणतं कावळा आणि हेमलॉक दोन्ही अशुभ, म्हणून कवितेत गंमत. आजी म्हणाली, “कावळा वंगाळ कोन म्हन्तं? पितरं जेवू घालताना त्याचीच वाट बगावं लागती.” आता हे मी पेपरात लिहावं का? मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, प्रश्नात ‘तुझं मत’ असेल तर जरूर लिही, नसेल तर कवीचं काय म्हणणं आहे तेवढंच.

आजीचे प्रश्न मी एका दोनशेपानी वहीत उतरवून घेत गेले. मराठीतच, ती बोलली तसे.

सुट्टीवरून आल्यावर मॅडमनी माझी उत्तरं लिहायची पद्धत सोलून काढली. लघुउत्तर तीन मार्कांचं, ४० ते ५० शब्दांचं. पहिल्या वाक्यात विचारलं त्याचं उत्तर. दुसऱ्यात धड्यातला पुरावा. तिसऱ्यात, ‘मग त्यावरून काय दिसतं’. बस. लेखकाचं नाव, ‘धिस ब्युटिफुल स्टोरी’, गावाचं वर्णन, सगळं कापलं. सुरुवातीला मला ते उत्तर उघडं-बोडकं वाटायचं. आमच्याकडे फोन वापरायला परवानगी नाही, त्यामुळे बाहेरची मुलं बघतात तसे व्हिडिओ आम्हाला मिळत नव्हते. मॅडम बोर्डाचे सॅम्पल पेपर आणि त्यांची मार्किंग स्कीम छापून आणायच्या, आणि तेच आम्हाला पुरून उरलं. मार्किंग स्कीम वाचून मला पहिल्यांदा कळलं की तपासणारा दोन-तीन मुद्दे शोधत असतो, सुंदर इंग्रजी नाही.

व्याकरणाचं दुखणं वेगळं. बारापैकी दहा सोडवायचे, एकेका मार्काचे. कर्ता-क्रियापद जमलं. डिटरमायनर्सही (नामाआधीचे ‘अ’, ‘द’ यांसारखे शब्द) बरेचसे जमले. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत असं मी रडायचे, तर मॅडम म्हणाल्या, “एक कुत्रं आलं, ते कुत्रं लंगडत होतं. यातलं ‘एक’ म्हणजे ‘अ’ आणि ‘ते’ म्हणजे ‘द’.” हे ‘द सन’, ‘द मून’पाशी अडतं, कारण आपण ‘तो सूर्य’ म्हणत नाही, पण अर्धी भीती तिथेच गेली.

रिपोर्टेड स्पीच, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगणं, मात्र जानेवारीपर्यंत चुकत राहिलं. आपण मराठीत म्हणतो, ‘आई म्हणाली की मी उद्या येते.’ यातली ‘मी’ म्हणजे आई, आणि यात कुणाला गोंधळ वाटत नाही. इंग्रजीत तसंच ठेवलं तर ‘मी’ म्हणजे सांगणारी होते, आईच्या जागी मीच उद्या येणार! तिथे ‘मी’ची ‘ती’ होते, ‘येते’चं क्रियापद मागे सरकतं आणि ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ होतो. हे कारण मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. रविवारी हाऊस मॅडमच्या फोनवरून घरी बोलून आल्यावर मैत्रिणीला आईचा निरोप सांगत होते, तेव्हा माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं. त्यानंतर मी मेसच्या रांगेत सगळ्यांचं बोलणं मनात इंग्रजीत फिरवायचे. ‘भाजी संपली असं ते म्हणाले’ याचं भाषांतर तर जवळपास रोज करावं लागायचं.

ॲनालिटिकल पॅराग्राफला एक तक्ता किंवा आलेख देतात आणि १०० ते १२० शब्दांत त्यात काय दिसतं ते लिहायचं. सरावासाठी मी आमच्या वेचणीच्या वहीतले आकडे घेतले: पाच बायका, सहा दिवस, रोजचा कापूस किलोत. सुरुवात, सर्वांत जास्त-कमी, तुलना, शेवट, सगळं बसवलं. शेवटी लिहिलं की मजुरी वाढवायला हवी. मॅडमनी ते वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं, ‘खरं असेल. पण तक्त्यात नाही.’ पाचपैकी साडेतीन.

पत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नमुना पक्का करा, पत्ता-तारीख-विषय यांची जागा चुकवू नका, आणि जुन्या गाइडांतलं ‘युअर्स ओबीडियंटली’ सोडून द्या.

पहिल्या प्रीबोर्डला, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेला, ८० पैकी ५८, दुसऱ्याला ६३.

१५ फेब्रुवारी २०२५. बोर्डाचा पहिलाच पेपर इंग्रजीचा. केंद्र दुसऱ्या शाळेत, आम्ही शाळेच्या बसमधून गेलो. दहा वाजता गेट बंद, सव्वादहाला प्रश्नपत्रिका, पंधरा मिनिटं नुसती वाचायची, साडेदहाला लिहायला सुरुवात. मी ठरवल्याप्रमाणे साहित्य आधी घेतलं. आणि तिथेच फसले. उत्तरं सुचत होती, म्हणून लांबत गेली. सहा मार्कांच्या एका उत्तराला दीड पान झालं, जिथे १२० शब्द पुरे होते. घड्याळ बघितलं तर एक वाजायला पाच मिनिटं आणि दोन्ही उतारे, २० मार्क, अजून कोरे.

हात गार पडले. मग आधी प्रश्न वाचले, नंतर उताऱ्यात फक्त त्यांची उत्तरं शोधत गेले. सरावात मॅडम हे कधीच करू द्यायच्या नाहीत. एका ठिकाणी दोन पर्यायांत ठरवता आलं नाही आणि नुसता अंदाज मारला. शेवटची घंटा झाली तेव्हा मी पुरवणी बांधत होते. परत वाचायला एक मिनिटही मिळालं नाही. बसमध्ये मैत्रिणी उत्तरं जुळवत होत्या, मी खिडकीकडे तोंड करून बसले.

निकाल १३ मे ला लागला. मी गावीच होते. डिजिलॉकर उघडायला भावाच्या फोनला अर्धा तास लागला. लेखी ६७, शाळेचे १९, मिळून ८६. उताऱ्यांनी किती खाल्ले ते कळायला मार्ग नाही, पण माझा संशय त्यांच्यावरच आहे. आजीने एवढंच विचारलं, “त्यो गारावाला आला व्हता का पेपरात?” नव्हता आला, निदान माझ्या वाट्याला तरी.

आता मी अकरावीला त्याच शाळेत आहे. जुलैमध्ये दहावीतली एक मुलगी नोट्स मागायला आली. मी तिला सॅम्पल पेपरांची फाइल दिली आणि ती दोनशेपानी वहीही दिली. तिने तिथेच पलंगावर बसून वही चाळली. ‘सावकार कोन होता?’, ‘त्यानं आधीच खरं का न्हाई सांगितलं?’, ‘कावळा वंगाळ कोन म्हन्तं?’ अशी पानंच्या पानं.

शेवटपर्यंत उलटून झाल्यावर तिने मान वर केली. “दीदी, यात उत्तरं कुठे आहेत?”