कोपऱ्यातला अंगठा

कॅमेरा नवा होता, हप्ता पहिला होता आणि पाऊस नुकताच उघडला होता. एवढ्या भांडवलावर मी आमच्या गावच्या स्टँडसमोर एका डबक्याच्या काठी उकिडवा बसलो. डोक्यात फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँने काढलेला फोटो होता. १९३२ साल, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे साचलेलं पाणी आणि त्यावरून उडी मारणारा माणूस. टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर उरलेलं. खाली पाण्यात त्याचीच उलटी आकृती, आणि मागे भिंतीवरच्या पोस्टरातही कुणीतरी तशीच झेप घेतलेली. म्हटलं, डबकं आपल्याकडेही आहे, माणसंही आहेत. उरलंय काय?

उरली होती उडी. तासभरात एकानेही मारली नाही. आमच्याकडची माणसं डबक्याला वळसा घालतात, धोतर-लुगडं वर धरून, घाई नसल्यासारखी. एक मोटारसायकल मात्र सरळ आली आणि तिने मला आणि लेन्सला सारखंच भिजवलं. समोरचा चहावाला मघापासून बघत होता. म्हणाला, "भाऊ, खड्डाना फोटू काढी ऱ्हायनात का? काढा काढा, पेपरमा द्या!" त्याच्या मते गावात पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी कामाचं करत होतं.

फोटो बघायचा नाद मात्र त्याआधीपासूनचा. गाजलेले फोटो मी पुन्हा पुन्हा बघतो, पण खरं सांगायचं तर आता मधलं काही बघतच नाही. मधलं पाठ झालंय. नजर कडांकडे जाते. कुठे कुणाचा अर्धा खांदा आलाय, कुठे सावली आत घुसलीये. ही सवय लागली अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने काढलेल्या एका फोटोमुळे.

तो फोटो तुम्ही पाहिलेला असणार. गालाला हात लावून बसलेली, दूर कुठेतरी बघणारी आई. खांद्यांवर दोन्हीकडून पोरं, तोंडं मागे वळवलेली. मांडीवर तान्हं. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. आधी लँग त्या तळाची पाटी बघून गाडी न थांबवता पुढे निघून गेली होती. वीसेक मैल गेल्यावर मन खाऊ लागलं, तेव्हा गाडी वळवून परत आली. जवळ, अजून जवळ जात थोडेच फोटो घेतले. बाईचं नावसुद्धा विचारलं नाही. ती बत्तीस वर्षांची फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होती, हे जगाला कळलं १९७८ मध्ये; आणि त्या फोटोपायी आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, असं तिनेच सांगितलं. मला ते नेहमी टोचतं. फोटो आवडायचा थांबत नाही, आणि टोचायचंही थांबत नाही.

तर त्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, तंबूच्या खांबाला धरलेला, एक अंगठा आला होता. लँगला तो खटकला. तिने पुढे निगेटिव्हवरून तो पुसून घेतला. नीट बघितलं तर त्याची पुसट छाया अजून दिसते म्हणतात आणि मला ती दिसते. किंवा मला ती बघायची असते. एवढं काळजीपूर्वक जुळून आलेलं चित्र, आणि कोपऱ्यात एक आगंतुक अंगठा, की मीही इथेच आहे! लँगपुढे बोलायची माझी टाप नाही, पण तो अंगठा मी ठेवला असता.

आमच्या भागात कॅमेऱ्याचा नाद मलाच पहिल्यांदा लागला असं समजू नका. रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज फौजी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला रंगवत बसला, वर्षानुवर्षं. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळून गेल्या. मधल्या काळात त्याने कॅमेराही हाती घेतला होता. लेण्यांचे त्याचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकात छापून आले आणि ते टिकले. रंग मात्र त्या कॅमेऱ्याला घेता येत नव्हते. ज्या रंगांसाठी माणसाने उमेद खर्चली ते राखेत, आणि काळेपांढरे खांब शाबूत. १८७९ मध्ये तो वारला आणि भुसावळला पुरला गेला. गाडी बदलायला भुसावळला उतरलो की प्लॅटफॉर्मवर केळी घेताना मला हमखास गिल आठवतो.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजी म्हणजे माहेरवाशिणी, निंबाला बांधलेले झोके, आमरस आणि खापरावरचे मांडे. यंदा कॅमेरा घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. काकू चुलीपुढे. तिने मान वर न करता अट घातली, "पहिले हात धू, एक मांडा करी दखाड, मंग काढ फोटू."

मला हसू आलं, कारण हे मी वाचलेलं होतं. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढायला गेली, तेव्हा तिला आधी सूत कातायला शिकावं लागलं होतं. शिवाय फ्लॅशचे बल्ब फक्त तीन वापरायची परवानगी. तिचं निदान सूत तरी निघालं असेल. माझा मांडा दोन्ही हातांवर फिरवता फिरवता मनगटापाशी फाटला आणि पुरण चुलीत पडलं. काकूने नुसतं बघितलं. परवानगी मिळाली.

आता तिचे हात बघत बसलो. बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या. मनगटाच्या आतल्या बाजूला जुन्या चटक्यांचे तपकिरी डाग, एकाखाली एक. पुरण भरलेला गोळा ती आधी थापायची, मग दोन्ही हातांवर झेलत फिरवायची. मांडा मोठा होत होत कोपरापर्यंत यायचा, इतका पातळ की खालची बांगडी दिसावी. बोटं आत दुमडलेली, कारण नख लागलं की संपलं. आणि मग एका झोक्यात पालथ्या खापरावर. त्या झोक्याच्या आधी क्षणभर मांडा दोन्ही हातांवर नुसता लोंबतो, चुलीचा जाळ त्याच्या आरपार दिसतो. डबक्याकाठी तासभर न मिळालेली उडी ती हीच असावी. दाबलं बटण.

संध्याकाळी फोटो मोबाइलवर उतरवून घेतला. चांगला आला होता, मलाच खरं वाटेना. फक्त डावीकडे खाली, पुरणाच्या पातेल्याच्या काठावर, एक छोटा जाडसर अंगठा होता. आताचे मोबाइल आगाऊ असतात. बोट फिरवा, नको ते पुसून देतो म्हणाला. मी त्याला ठाम नाही म्हटलं. मोठ्या ऐटीत, लँगला जमलं नाही ते आपण केलं अशा थाटात, फोटो तसाच ओसरीवर काकूपुढे धरला. आसपास सगळं घर होतं.

काकूने चष्मा लावला. "मनं तोंड कोठे शे?"

"काकू, हातांचा फोटो आहे तो."

"तोंड नही ते कसाना फोटू?" म्हणत तिने तो दोन बोटांनी मोठा केला, जे तिला तिच्या नातवाने शिकवलंय. आधी मांडा बघितला, मग डाग बघितले, मग बोट सरकत सरकत कोपऱ्यात गेलं आणि थांबलं.

"हाऊ अंगठा कोना शे?"

कुणी बोललं नाही. मांडे चुलीवर होते म्हणजे नैवेद्य अजून दाखवायचा होता, हा हिशोब काकूने माझ्याआधी केला. नातू खांबाला टेकून उभा होता, दोन्ही हात पाठीमागे, आणि सगळ्यांना सोडून एकट्या माझ्याकडे बघत होता.