मोर्चा काढून फी कमी होते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर हा प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही इंजिनिअरिंग कॉलेजच्या अकाउंट्समध्ये होतात ना? मग खरं सांगा, ही पोरं फीवाढीविरुद्ध गेटवर बसतात, त्याने दमडीचा तरी फरक पडतो का?"

पडतो. पण ज्या आकड्याच्या नावाने घोषणा चाललेल्या असतात, तो आकडा सहसा जागचा हलत नाही. हलतात ते हप्ते, मुदती, दंड. आणि गरिबाघरच्या मुलाचं वर्ष बऱ्याचदा तिथेच अडकलेलं असतं.

आकडा का हलत नाही, ते आधी बघा. १९८३ मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. मागोमाग देणग्यांचा सुळसुळाट झाला आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. मग सुप्रीम कोर्टाचे एकामागून एक निकाल, कमी फीच्या फ्री सीट आणि जास्त फीच्या पेमेंट सीटचा जमाना, आणि शेवटी २०१५ चा कायदा. आता व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. कॉलेज आपले ऑडिट झालेले हिशेब घेऊन जातं, झालेल्या खर्चावरून दर विद्यार्थ्यामागे फी निघते. म्हणजे पोरं गेटवर जमतात तेव्हा त्या आकड्यावर शिक्का बसून गेलेला असतो. प्राचार्य बाहेर येऊन हात जोडतात, "हे आमच्या हातात नाही." ते खोटं बोलत नाहीत. फक्त तो प्रस्ताव आपल्याच ऑफिसातून गेला होता, एवढं सांगायचं राहून जातं. वसतिगृह, मेस आणि बस यांचे पैसे त्या आकड्यात धरलेले नसतात, हेही राहून जातं.

आता खिडकीच्या आतून काय दिसतं ते सांगतो. पंढरपूरकडचे एक गृहस्थ कापडी पिशवीत नोटा घेऊन यायचे. दहा, वीस, पन्नासच्या, रबर लावलेल्या. मी ओल्या स्पंजवर बोट टेकवत मोजायचो आणि ते माझ्या बोटांकडे बघत बसायचे. मुलाला शिष्यवृत्ती मंजूर होती. पैसे सरकारकडून यायचे होते, ते कधी वर्ष संपता संपता आले तर आले. तोवर कॉलेजला थांबायचं नव्हतं. मग शंभराच्या स्टँपपेपरवर हमीपत्र, दोन पुढच्या तारखांचे चेक, आणि तरीही हॉल तिकिटावर "अकाउंट्सला भेटा" असा शेरा. त्या माणसाला फीवाढीबद्दल तक्रार करताना मी कधी ऐकलं नाही. त्यांचा प्रश्न एकच असायचा: "साहेब, महिनाभर थांबता का?"

आमच्याकडे एका वर्षी मोठं धरणं झालं. मुलांचं निवेदन टाइप केलेलं, मागण्या ओळीने. पहिली: फीवाढ मागे घ्या. तळाला कोणीतरी पेनाने एक जास्तीची ओळ लिहिली होती: शिष्यवृत्तीधारकांना लेट फी लावू नये, हॉल तिकीट अडवू नये. पहिल्या मागणीवर बैठकीत तासभर वाद झाला आणि हाती काही लागलं नाही. पेनाने लिहिलेली ओळ चहा यायच्या आत मान्य झाली, कारण तिला नाही म्हणायला संस्थेकडे कारणच नव्हतं. परिपत्रक मीच टाइप केलं. बाहेर मुलं "आंदोलन फसलं" म्हणून खट्टू होऊन घरी गेली. पुढच्या परीक्षेला तो शेरा मारायचा रबरी शिक्का मात्र ड्रॉवरमध्येच पडून राहिला.

आधी शिष्यवृत्तीतली फीची रक्कम समाजकल्याण खात्याकडून कॉलेजला यायची. उशीर झाला तर कॉलेज सरकारच्या नावाने खडे फोडायचं. महाडीबीटी हे सरकारचं ऑनलाइन पोर्टल आल्यावर पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात जायला लागले. ऐकायला छान आहे, मधले दलाल गेले. पण खात्यात पैसे येवोत न येवोत, वहीत थकबाकीदार म्हणून नाव त्या मुलाचं लागतं.

मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत फेब्रुवारी २०१८ मध्ये संप झाला, तो नेमका यावरूनच. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना वसतिगृहाचे आणि मेसचे पैसे आधी खिशातून भरायला सांगितले होते. तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटीच्या केंद्रांतली मुलंही उठली. कागदावर सवलत शाबूत होती, पण आधी भरायला पैसे असतील तरच तिचा उपयोग.

दिल्लीच्या जेएनयूचं तर तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. २०१९ मध्ये वसतिगृहातल्या खोलीचं भाडं महिना १० आणि २० रुपयांवरून ३०० आणि ६०० करायचं ठरलं, आणि देशभर चर्चा काय, तर "दहा रुपयांत राहायचंय यांना!" खरा बोजा होता नव्याने लावलेल्या महिना १७०० रुपयांच्या सेवाशुल्काचा. पण दहा रुपये लोकांच्या पटकन लक्षात राहतात. नोव्हेंबरात पदवीदान समारंभाच्या दिवशी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री सभागृहात तासन्‌तास अडकून पडले, मग थोडी माघार घेतली गेली. जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी जुन्याच दराने करून घ्या असा अंतरिम आदेश दिला.

आकडाच हलल्याचं उदाहरण हवं असेल तर दक्षिण आफ्रिकेत जावं लागेल. जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठाने २०१५ मध्ये १०.५ टक्के वाढ सांगितली, आणि देशभरची मुलं रस्त्यावर आल्यावर राष्ट्राध्यक्ष झुमांना पुढच्या वर्षासाठी शून्य टक्के जाहीर करावं लागलं. उलट इंग्लंडात २०१० मध्ये लंडन दणाणून गेलं, तरी संसदेने कमाल फी ९,००० पौंडांवर नेलीच.

"फुकट शिकायचंय यांना" हे वाक्य मला ऐकवत नाही. निदान ज्यांची मुलं अनुदानित कॉलेजात नाममात्र फीत शिकून मोठी झाली त्यांनी तरी ते बोलू नये. मुलांचंही चुकतं. मॅनेजमेंट कोट्यातली आणि कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, आलेली मुलं एकाच बॅनरखाली बसतात आणि सवलत कोणाला मागायची हेच धूसर होतं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षणशुल्क माफ झालं, तेही कॅपमधून आलेल्यांनाच. त्यांच्या बापांनाही वसतिगृहाचे पैसे भरावेच लागतात.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: आमच्या पोराने जावं का धरण्याला? जाऊ द्या की. जाण्याआधी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आपल्या कॉलेजची मंजूर फी बघायला सांगा, आणि सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स बरोबर द्या. पावतीवर "इतर" असं लिहून जी रक्कम घेतली असेल ती कशाची, हे लेखी विचारा म्हणावं. घोषणा आम्हाला आत ऐकू यायच्या नाहीत, एसी चालू असायचा. लेखी अर्ज आला की मात्र उत्तर कोणी लिहायचं यावरून आमच्यातच जुंपायची.