आमची वाटचाल : लालबागच्या गाळ्यातून भिवंडीला

गिरणगावात मागाचे सुटे भाग करणारे पुष्कळ होते, पण क्रँकशाफ्टचा गनमेटल बुश (तांबे-कथलाच्या मिश्रधातूची कडी, जिच्यात शाफ्ट फिरतो) हवा असला की गिरणीच्या विव्हिंग, म्हणजे विणकाम खात्याची चिठ्ठी आमच्याच गाळ्यात यायची. वडील आणि काका (वडिलांचे भागीदार, आधी गिरणीत फिटर) यांनी एका जुन्या लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) हा धंदा उभा केला. शेवटचा कट झाला की काका मायक्रोमीटर बाजूला ठेवून शाफ्ट हातानं सरकवून बघत. अडकता कामा नये, खुळखुळताही कामा नये. तो लेथ आजही रोज चालतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांबद्दल लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे, पण गिरण्यांवर जगणाऱ्या गाळ्यांची नोंद कुणी घेतली नाही. एका गिरणीकडे आमची मोठी उधारी होती. स्टोअरचा शिक्का असलेली सगळी चलनं फाइलला आहेत, पैसे मात्र आजतागायत आले नाहीत. नव्या पोरांना सांगतो, एका गिऱ्हाइकाकडे कधी सगळा माल अडकवू नका.

त्याच दिवसांत शेजारच्या एकानं भंगार पितळ ओतून ते गनमेटल म्हणून निम्म्या भावात विकायला सुरुवात केली. असा बुश लवकर झिजतो आणि शाफ्टही खातो. गिऱ्हाइकं तरी तिकडे गेली. बधले नाहीत ते एक विव्हिंग मास्तर. गिरण्यांचे जुने माग भिवंडीच्या कारखान्यांत जाऊ लागले, तेव्हा मास्तरांनीच तिथे आमचा पत्ता दिला. लेथ विकायची वेळ टळली ती त्यांच्यामुळे.

पुढची वर्षं बरी गेली. मग गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न आला. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमात या जमिनीचे तीन वाटे होते : महापालिका (बागांसाठी), म्हाडा (घरांसाठी) आणि मालक. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं एनटीसीच्या (केंद्र सरकारच्या कापड महामंडळाच्या) गिरण्यांचा एकत्रित विचार मांडला, तेव्हा आम्हाला आशा वाटली. २००१ च्या दुरुस्तीनंतर वाटणी फक्त गिरणीच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती दुरुस्ती कायम केली. तोवर ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर नंबर ३ आणि मुंबई टेक्स्टाइल विकल्या गेल्या होत्या. भोवतीचे भाव चढले, आमच्या गाळ्याचं भाडं परवडेना आणि आम्ही भिवंडीला आलो.

एनटीसीची जमीन सरकारची, म्हणजे लोकांची. बागा हव्यातच. कामगारांना घरं तर हवीतच, तो त्यांचा हक्क आहे. पण तीन वाट्यांत हातानं काम करणाऱ्या धंद्याला जागाच नव्हती. सरकारला सांगणं एवढंच : उरलेल्या जमिनीवर काही ठरवणार असाल, तर थोडे तळमजल्याचे गाळे ठेवा. थ्री-फेज वीज, लेथचं वजन पेलेल अशी जमीन, टेम्पो मागे लागेल एवढा रस्ता आणि विकता येणार नाही असा लांब मुदतीचा भाडेपट्टा. असा गाळा निघाला तर पहिला अर्ज आमचा असेल.