भुवईवरचे चार टाके

गेल्या वर्षीच्या लग्नसराईत वाईजवळच्या एका लॉनवर नवरीची एंट्री चालू होती आणि माझा ड्रोन वर होता. दुपारी मी चाचणी घेतली तेव्हा नसलेली लायटिंगची एक माळ डेकोरेटरने संध्याकाळी झाडावरून स्टेजपर्यंत ओढली होती. पंखा तिला लागला. ड्रोन गिरक्या घेत एका गाडीच्या पुढच्या काचेवर आपटला आणि तिथून उसळून पाण्याचा ट्रे घेऊन चाललेल्या केटररच्या पोराच्या भुवईवर. चार टाके पडले. डोळा बोटभर अंतरावर होता.

तरी मी मनातून निर्धास्त, कारण विमा होता! स्टुडिओची पॉलिसी दोन वर्षं इमानाने भरत होतो. एजंटला फोन केला तर म्हणाला, ‘दादा, सहावं पान वाचा.’ सहाव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : हवेत उडणारी उपकरणं वगळून.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी ड्रोन उलटा केला, सुलटा केला. ‘ह्याचा नंबर कुठाय?’ नंबर नव्हता. बिलही नव्हतं. परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, आणि मी तो त्यानंतर ओळखीतून घेतला होता. समोर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५, म्हणजे बेदरकारपणाने दुसऱ्याच्या जिवाला धोका. पोराच्या वडिलांनी तक्रार दिली नाही, हे त्यांचे उपकार. दवाखान्याचा खर्च, त्याचे बुडालेले दिवस आणि गाडीची काच, सगळं माझ्या खिशातून गेलं. जायलाच हवं होतं.

मग बसून ड्रोन नियम, २०२१ वाचले. ‘अडीचशे ग्रॅमच्या आत असला की काही लागत नाही’ ही आमच्या धंद्यातली आवडती दंतकथा. त्या वजनापर्यंतच्या नॅनोला पायलट सर्टिफिकेट आणि थर्ड पार्टी विम्यातून सूट आहे, पण लाल झोनमधून, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय उडवताच येत नाही अशा हद्दीतून, नाही. माझा तर ५९५ ग्रॅमचा, म्हणजे मायक्रो. हौसेसाठी मायक्रो उडवणाऱ्याला सर्टिफिकेट लागत नाही, लग्नाचे पैसे घेणाऱ्याला लागतं. आणि थर्ड पार्टी विमा, नुकसानभरपाई यांना चक्क मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी लावल्या आहेत. कायद्याच्या लेखी माझा ड्रोन आणि शेजारच्या अण्णांचा टेम्पो एकाच रांगेत! नियम मोडल्याचा दंड एक लाखापर्यंत.

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्याची मान्यता असलेल्या संस्थेत कोर्स केला. दहावी पास आणि वय १८ ते ६५, एवढीच अट. बॅचमध्ये लग्नवाला मी एकटा. बाकी फवारणीचे ड्रोन शिकायला आलेली शेतकऱ्यांची पोरं आणि बचत गटातल्या तीन ताया. चार वर्षं ड्रोन उडवतोय म्हणून मी जरा ऐटीत होतो. सरांनी जीपीएस बंद करून आठचा आकडा काढायला सांगितला. जीपीएस नसला की ड्रोन एका जागी थांबत नाही, वारा नेईल तिकडे सरकतो. माझ्या आठचा भोपळा झाला. एका ताईने पहिल्या फटक्यात काढला. चार वर्षं ड्रोन मी नव्हे, सॅटेलाइट उडवत होतं, हे तेव्हा कळलं.

सर्टिफिकेट आलं, दहा वर्षांचं. टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मंजुरी, असलेला देशी ड्रोन घेतला, सरकारी पोर्टलवर शंभर रुपये भरून त्याचा नोंदणी नंबर काढला. खरं सांगतो, कॅमेरा आधीच्यापेक्षा डावाच आहे. पण नंबर आणि सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय विमा कंपनी बोलायलाच तयार नव्हती. थर्ड पार्टी वेगळा, ड्रोनच्या स्वतःच्या मोडतोडीचा वेगळा. या वेळी प्रत्येक पान वाचलं. ड्रोन नजरेआड गेला किंवा परवानगी नसलेल्या ठिकाणी उडवला, तर माझी पॉलिसी शून्य. म्हणजे रायगडावर पुरातत्त्व खात्याला न विचारता प्री-वेडिंग उडवायचं आणि विम्याच्या भरवशावर राहायचं, हे जमणार नाही.

कामं सुटतात. परवा विमाननगरच्या हळदीला नकार दिला. शेजारी हवाई दलाचं विमानतळ, नकाशावर सगळं लाल. पार्टी म्हणाली, ‘दुसरा तयार आहे की!’ असेल. आता ऑर्डर घेताना कागदावर एक ओळ लिहून घेतो : ड्रोन चालू असताना खाली पाहुणे आणि वाढपी नकोत, आणि चाचणीनंतर एकही माळ लावायची नाही.

यंदा पाचवडजवळच्या एका लॉनवर तोच पोरगा भेटला. भुवईत एक रेघ राहिलीय. मी ड्रोन जमिनीवर ठेवला तसा तो शेजारी येऊन उभा राहिला आणि वर बघत म्हणाला, ‘दादा, त्या आंब्यापासनं मांडवापर्यंत एक वायर हाय. काळी हाय, दिसायची न्हाय.’

खरंच होती.