रोमचं पाणी

रोमच्या ट्रास्टेव्हेरे भागातल्या एका गल्लीत मी पाण्याची बाटली विकत घेणार, तेवढ्यात एका आजींनी खुणेनंच 'नको' म्हटलं आणि कोपऱ्यावरच्या नळाशी नेलं. बिडाचा ठेंगणा खांब, वाकडी नळी, गार पाणी अखंड वाहतंय. आजींनी नळीचं तोंड बोटानं दाबलं, तर वरच्या बारीक भोकातून धार थेट ओठांपर्यंत उडाली!

हे 'नाझोनी'. १८७४ पासून रोमभर आहेत, आज सुमारे २,५००. हॉस्टेलच्या खाटेपासून कॉलोसियमच्या तिकिटापर्यंत युरो मोजून जीव मेटाकुटीला आलेला, आणि इथे तहानलेल्याला कुणी पैसे विचारत नाही. फार बरं वाटलं.

मग आपल्या पाणपोया आठवल्या. रांजण, साखळीला बांधलेला पेला. आता एसटी स्टँडवर उतरलं की हात आधी खिशाकडे जातो.

तुमच्या गावची पाणपोई अजून चालू आहे का? कोण भरतं तिथलं पाणी?