ई-सायकलचं छोटं दुकान : आधी दुरुस्तीचं टेबल, मग शोरूम

ई-सायकलचं दुकान टाकायचं म्हटलं की डोक्यात पहिला विचार येतो तो कोणत्या कंपनीच्या किती सायकली मांडायच्या याचा. माझ्या मते सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. आपल्याला काय दुरुस्त करता येईल ते आधी ठरवावं आणि तेवढंच विकावं. साध्या सायकलला कुठलाही मेकॅनिक हात लावतो. ई-सायकल बंद पडली की गिऱ्हाईक जिथून घेतली तिथेच येतं, आणि त्या वेळी आपल्याकडे कंट्रोलर (बॅटरीतली वीज मोजून-मापून मोटरला सोडणारी पेटी) नसेल तर सायकल महिनाभर कोपऱ्यात पडून राहते.

म्हणून माल ठरवताना पुरवठादाराला मोटरच्या ताकदीआधी सुट्या भागांबद्दल विचारा. डिस्प्ले, कंट्रोलर, पॅडल सेन्सर (पॅडल फिरतंय हे ओळखणारा), मोटरची केबल हे सगळं वेगवेगळं मिळतं का? तीन-चार वर्षांनी याच आकाराची बॅटरी मिळेल का? फ्रेममध्ये बसणाऱ्या बॅटरीचा साचा बदलला की चांगली सायकलही निकामी होते. नामांकित मिड-ड्राइव्ह (पॅडलांच्या आसापाशी बसणाऱ्या) मोटरींचं तपासणीचं सॉफ्टवेअर बहुधा अधिकृत विक्रेत्यालाच मिळतं. ते मिळणार नसेल तर ती मोटर विकू नये. सुरुवातीला एकाच धाटणीच्या हब मोटरच्या (चाकाच्या मधोमध बसणाऱ्या) आणि फार तर एका मिड-ड्राइव्हच्या सायकली पुरेत. बॅटरीच्या वाहतूक चाचणीचा यूएन ३८.३ अहवाल मागून घ्या. युरोपात ईएन १५१९४ आणि अमेरिकेत यूएल २८४९ ही मानकं पाहतात. बऱ्याच देशांत २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर ही सायकलची हद्द आहे, त्यापुढे नोंदणी आणि परवाना येतो. तुमच्याकडचा नियम लेखी स्वरूपात जवळ ठेवा. वेगमर्यादा काढून देण्याची विनंती हमखास येते. ती नाकारावी, कारण अपघात झाला तर बोट दुकानाकडेच वळतं.

जागा तळमजल्यावरच हवी. सायकलचं वजन २० ते २८ किलो असतं, ती दिवसातून दहादा पायरीवरून उचलायची म्हणजे कमरेची वाट. स्टँड घेताना त्याची क्षमता तपासा, सायकल चढवण्याआधी बॅटरी काढून ठेवा (तेवढ्याने तीन-चार किलो कमी होतात) आणि पकड फ्रेमच्या नळीला न लावता सीटच्या दांड्याला लावा.

सगळ्यात जास्त विचार बॅटरीच्या कोपऱ्याचा करावा लागतो. चार्जिंगची जागा बाहेर पडायच्या वाटेवर किंवा जिन्याखाली नको. खाली न जळणारा पृष्ठभाग, दोन बॅटऱ्यांत मोकळी जागा, वर धुराचा अलार्म, आणि दुकान बंद झाल्यावर एकही चार्जर चालू नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. पडलेली, भिजलेली, फुगलेली किंवा गोडसर रसायनाचा वास येणारी बॅटरी आत घ्यायचीच नाही. ती इमारतीबाहेर, भिंतीपासून दूर, झाकणाच्या धातूच्या पेटीत ठेवावी. बॅटरी अनेक छोट्या लिथियम सेलची मिळून बनते, त्यातला एक पेटला की एक सेल शेजारच्या सेलला तापवत जातो. पावडरचं अग्निशामक ज्वाळा दाबतं, पण आतली उष्णता काढत नाही, म्हणून बॅटरी पुन्हा पेटते. धूर विषारी असतो. विझवत न बसता सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बॅटरी लिथियमची आहे हे सांगा. विमा काढताना दुकानात किती बॅटऱ्या असतील हेही लेखी कळवा.

दुकानात शिल्लक पडलेल्या बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवू नयेत. ४० ते ६० टक्के चार्जवर, थंड कोरड्या जागी, दर दोन-तीन महिन्यांनी व्होल्टेज बघून ठेवाव्यात. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज केल्या तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि सेल कायमचा बिघडतो.

मल्टिमीटर हे या धंद्यातलं पहिलं हत्यार, पण आकडे पाठ हवेत. ३६ व्होल्टच्या बॅटरीत १० सेल ओळीने असतात, पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट. ४८ व्होल्टच्या बॅटरीत बहुधा १३, म्हणजे ५४.६. साठवणुकीसाठी अनुक्रमे ३७-३८ आणि ४८-४९ ठीक. चार्जर मोकळा असताना त्याच्या टोकाला ४२ किंवा ५४.६ यायला हवेत. दोन्ही चार्जरची पिन सारखी असू शकते, आणि ४८ चा चार्जर ३६ च्या बॅटरीला लावणं धोक्याचं आहे. बॅटरीतलं संरक्षक सर्किट वाचवेल यावर विसंबू नका. चार्जरला आणि बॅटरीला एकाच रंगाची पट्टी चिकटवा.

‘चढावर बंद पडते, सपाटीवर पुन्हा चालू होते’ ही तक्रार आली तर नुसतं व्होल्टेज बघून भागत नाही. ४१ व्होल्ट दाखवणारी जुनी बॅटरी भार पडताच ३२-३३ वर कोसळते, कारण सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. भार देऊन मोजा. तोंडाशी शून्य व्होल्ट आले म्हणून बॅटरी मेली असं लगेच म्हणू नये. फ्यूज उडालेला असू शकतो, सर्किटने पुरवठा तोडलेला असू शकतो, आणि काही कंपन्यांच्या बॅटऱ्या सायकलशी संवाद झाल्याशिवाय मुळात वीज सोडतच नाहीत. मात्र बॅटरी उघडून सेल बदलणं छोट्या दुकानाने अंगावर घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. जुन्या-नव्या सेलची क्षमता जुळत नाही, स्पॉट वेल्डिंग चुकलं तर आगीला निमंत्रण, आणि प्रमाणपत्रही रद्द होतं. सेल २.५ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिला असेल तर आत तांबं विरघळतं. अशी बॅटरी ‘उठवू’ नये.

डिस्प्ले लागतो पण मोटर फिरत नाही, या तक्रारीत थेट कंट्रोलर बदलायची घाई होते. आधी ब्रेकचे कटऑफ सेन्सर (ब्रेक दाबताच मोटर थांबवणारे) एकेक करून सोडवा. लिव्हर पूर्ण मागे येत नसेल तर सायकलला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. मग पॅडल सेन्सरची चुंबकाची चकती बघा : ती सरकली, उलटी बसली किंवा सेन्सरपासून लांब गेली की मदत मिळत नाही. त्यानंतर कनेक्टर. गोल कनेक्टर बाण जुळवून सरळ दाबायचे असतात, पिळून बसवले की आतली पिन वाकते. पिनांवर हिरवट थर दिसला तर पाणी शिरलेलं आहे. केबल कंट्रोलरच्या पेटीत शिरण्याआधी थोडी खाली झुकवून बांधली की पाणी तिथेच गळून जातं. प्रेशरचं पाणी मारून धुऊ नका, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगा.

मोटर सुरू होताना थरथरते, आवाज करते, तेव्हा हॉल सेन्सर (मोटर फिरताना तिची स्थिती कंट्रोलरला कळवणारे) तपासावेत. लाल-काळ्या तारेत साधारण ५ व्होल्ट, आणि चाक हळूहळू फिरवलं की पिवळ्या, हिरव्या, निळ्या बारीक तारांवर आळीपाळीने ० आणि ५ यायला हवेत. गिअरच्या हब मोटरचं चाक उलट फिरवायचं हे विसरू नका. पुढे फिरवलं तर आतला क्लच सुटा राहतो, मोटर फिरतच नाही आणि चांगले सेन्सर मेलेले वाटतात. चाक उलट फिरवताना जड लागत असेल तर मोटरचा कनेक्टर सोडवा. हलकं झालं तर कंट्रोलर जळालाय, तसंच जड राहिलं तर मोटरच्या आत किंवा केबलमध्ये तारा एकमेकींना चिकटल्यात.

केबलचं हे नुकसान बहुतेक वेळा एका सैल नटापासून सुरू होतं. आसाला मोटरचा पीळ बसतो. टॉर्क वॉशरची (आसाला जागेवर धरून ठेवणाऱ्या चकतीची) जीभ फ्रेमच्या खाचेत बसलेली नसेल तर आस स्वतःच फिरतो आणि त्याच्यातून जाणारी केबल पिळून कापतो. पंक्चर काढल्यावर वॉशर उलटा बसवणं हे याचं नेहमीचं कारण. म्हणूनच मागच्या चाकाचं पंक्चर जमेल तिथे चाक न काढता काढावं : भोक शोधायचं, टायरची एक बाजू उतरवायची, तेवढाच ट्यूब बाहेर ओढून पॅच लावायचा. चाक काढावंच लागलं तर आधी फोटो घ्या आणि नट टॉर्क पान्याने, उत्पादकाच्या आकड्याइतका आवळा.

स्पोक तुटण्याची तक्रारही मागच्याच चाकाची. हब मोठा असल्याने स्पोक आखूड असतात आणि रिमजवळच्या निपलपाशी तिरके शिरतात. नव्या चाकाचे स्पोक २००-३०० किलोमीटरनंतर ताणून घेतले तर बरेच वाचतात. मिड-ड्राइव्हमध्ये मोटरचा भार चेनवर येतो. ११-१२ गिअरला ०.५ टक्के, त्याहून कमी गिअरना ०.७५ टक्के झिजेला चेन बदलली की कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) टिकतं. डिस्क ब्रेकच्या तेलात मात्र चूक चालत नाही : मिनरल तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक) तेल गेलं की सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. बाटल्या वेगवेगळ्या खणांत ठेवा.

सुट्या भागांत पैसे गुंतवताना आधी खपणारं घ्या : सगळ्या मापांच्या ट्यूब, तीन-चार आकारांचे ब्रेक पॅड, चेन, कटऑफ लिव्हर, पॅडल सेन्सर, वाढीव केबल, विकलेल्या चाकांच्या मापाचे स्पोक, ३६ आणि ४८ व्होल्टचा एकेक कंट्रोलर आणि चार्जर. महागड्या मोटरी साठवू नका.

सायकल दुरुस्तीला घेताना कार्डावर फ्रेम आणि बॅटरीचा क्रमांक, किलोमीटर, आलेलं व्होल्टेज, एरर कोड, चावी आणि चार्जर दिला की नाही हे लिहा. चार्जर मागून घ्यायलाच हवा, निम्मं निदान तिथेच होतं. तपासणीचं शुल्क दुरुस्तीपासून वेगळं ठेवा आणि आधीच सांगा, नाहीतर एक सैल पिन शोधायला गेलेल्या दोन तासांचे पैसे मागायला जीभ रेटत नाही.